उरलेले २२ कुठे गेले?

बारावीच्या परीक्षेला महिना उरला होता तेव्हा आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात एक वक्ते आले. सभागृहात ३०० च्या आसपास मुलं दाटीवाटीने बसलेली. वक्त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, निकालाच्या दिवशीची गुणपत्रिका नजरेसमोर आणायला सांगितली, तिच्यावर ९० टक्के लिहिलेलं पाहायला सांगितलं, आणि मग सगळ्यांकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं: मी यशस्वी आहे. मुलं खूश झाली, हे मी नाकारत नाही. पण त्यानंतर आठवडाभर स्टाफरूममध्ये जो वाद चालला, तो ऐकताना मला सारखं वाटत राहिलं की दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. एका बाजूचं म्हणणं असं, की मन खंबीर असलं की परिस्थिती वाकते, आणि आता तर हे विज्ञानानेच सिद्ध केलंय. अमेरिकेत त्याची स्वतंत्र शाखा आहे, सकारात्मक मानसशास्त्र. दुसरी बाजू म्हणत होती, ज्या मुलाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, जो धाकट्या बहिणीचा डबा भरून मग वर्गात येतो, त्याला डोळे मिटून ९० टक्के बघ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. हे सगळं शास्त्र म्हणजे नाडलेल्या माणसाला गप्प बसवायची गोळी आहे.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. सकारात्मक मानसशास्त्र रोजच्या जगण्यात उपयोगी पडतं, असं मी वाचनाने आणि अनुभवाने मानतो. पण त्याचा गाभा हसरा चेहरा ठेवण्याचा नाही. आपला हात कुठपर्यंत पोचतो आणि आपल्याभोवती कोण कोण आहे, हे नीट निरखण्याचा आहे. आणि ते ज्याचं त्याने स्वतःसाठी वापरायचं साधन आहे. वरच्याने खालच्याला पाजायचं औषध नव्हे. हे दोन भेद सुटले, की त्याचे भक्त आणि त्याचे विरोधक एकाच खोट्या मूर्तीभोवती जमतात, एक पूजेला आणि दुसरा भंजनाला.

मुळात हे शास्त्र निघालं कशातून? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाखो सैनिक घरी परतले, त्यातले कितीतरी मनाने मोडलेले होते. त्यांच्या उपचारांसाठी सरकारी पैसा आला आणि मानसशास्त्र बघता बघता आजारांचं शास्त्र झालं. नैराश्य, भीती, व्यसन यांचा अभ्यास खोल गेला, आणि ते हवंच होतं. पण संकटातून गेलेल्यांपैकी काही जण उभे कसे राहतात, मैत्री कशामुळे टिकते, काम करताना माणूस तहानभूक कधी विसरतो, अशा प्रश्नांना अभ्यासकांच्या लेखी फारशी किंमत उरली नाही. १९९८ साली मार्टिन सेलिग्मन अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी या उणिवेवर बोट ठेवलं. २००० च्या जानेवारीत त्यांनी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी त्या संघटनेच्या नियतकालिकाचा खास अंक संपादित केला आणि अशा प्रश्नांचा अभ्यास करणारी ही शाखा मार्गी लागली. नाव त्याहून जुनं. अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ सालीच ते वापरलं होतं.

ज्यांना ही शाखा म्हणजे आनंदाचा बाजार वाटते, त्यांनी सेलिग्मन यांचं आधीचं काम पाहावं. त्यांची सुरुवात असहायतेच्या अभ्यासाने झाली होती. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज वाचतानाही पोटात कालवतं. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले गेले, आणि त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. पुढे त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे एक बुटकी आडभिंत ओलांडली की सुटका होती. त्यातले बहुतेक उठलेच नाहीत. झटके सोसत पडून राहिले. यावरून असहायता ही शिकलेली गोष्ट असते, असा सिद्धान्त निघाला आणि तो जगभर शिकवला गेला. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपलाच सिद्धान्त उलटा केला. दीर्घकाळ सोसावं लागलं की निपचित होणं ही जिवाची मूळ प्रतिक्रियाच आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते दुसरंच: माझ्या करण्याने काहीतरी बदलतं, हे. आणि हे शिकायला प्रत्यक्षात काहीतरी बदललेलं अनुभवावं लागतं. नुसत्या बोलण्याने मेंदू फसत नाही. साऱ्या विषयातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. आमच्या स्टाफरूममधल्या दोन्ही बाजूंना ते ठाऊक असतं तर भांडण वेगळ्या जागी सुरू झालं असतं.

कारण मग त्या सभागृहातल्या घोषणेचं काय होतं? २००९ साली कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोॲन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्या लोकांना 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' असं वाक्य मनाशी घोकायला लावलं, तेव्हा त्यांना बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. ज्यांना त्या वाक्याची गरज नव्हती त्यांनाच थोडाफार फायदा झाला. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी तर या विषयावर अनेक वर्षं घालवली आहेत. वजन कमी करायच्या कार्यक्रमातल्या ज्या स्त्रियांनी आपल्या सडपातळ भविष्याची गोड चित्रं रंगवली, त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी घटलं. नोकरीची स्वप्नं रंगवणाऱ्या पदवीधरांचंही तसंच झालं. मनाने मुक्काम गाठला की पायांतला जोर ओसरतो. ओटिंगेन यांचा सल्ला असा, की हवं ते डोळ्यांसमोर आणा आणि लगेच त्याच्या वाटेतला खरा अडथळाही आणा, मग ठरवा की तो आला तर मी काय करीन. म्हणजे ९० टक्के दिसले की पाठोपाठ रात्री दहानंतर जाणारी वीज दिसली पाहिजे, न समजलेलं समाकलन दिसलं पाहिजे, आणि त्यावर उद्या कोणाला विचारायचं हेही. घोषणा ही सकारात्मक मानसशास्त्राची देणगी नाहीच. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. १९२० च्या दशकात फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए 'मी दिवसेंदिवस सर्व बाबतींत बरा होत आहे' असं रोज म्हणायला शिकवत होते आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्यांच्यासाठी गर्दी लोटत होती. आमचे वक्ते कुए यांचे वारस होते. सेलिग्मन यांचं नाव त्यांनी घेतलं, एवढंच.

आता विरोधकांकडे वळतो, कारण त्यांचे मुद्दे हलके नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा आजारपणाचा. अमेरिकन पत्रकार बार्बरा एरनराइक यांना स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा चहूबाजूंनी त्यांना प्रसन्न राहण्याचा, आजाराकडे वरदान म्हणून पाहण्याचा आग्रह झाला. त्यांनी पुढे, २००९ साली, या सक्तीच्या आनंदावर संतापून एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा संताप रास्त होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोकं आणि मान यांच्या कर्करोगाचे १,०९३ रुग्ण होते. ज्यांची भावनिक अवस्था चांगली होती ते जास्त जगले, असं त्यात आढळलं नाही. मला या मुद्द्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती. माझी मावशी अशीच गेली. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता तिला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणायचा. तिसऱ्या केमोनंतर रिपोर्ट बिघडला, तेव्हा ती मला म्हणाली, "माझंच मन कुठेतरी कमी पडलं रे." तिने ते शांतपणे म्हटलं, कबुली दिल्यासारखं. जाणाऱ्या माणसाच्या माथी अपराधाचं गाठोडं देणारी ही सकारात्मकता मला कोणाच्याही घरात नको आहे, आणि तिच्याविरुद्ध जो बोलेल त्याच्या बाजूने मी उभा राहीन.

पण मावशीला त्या दिवसांत खरोखर बरं कधी वाटायचं, तेही मी पाहिलं आहे. संध्याकाळी शेजारच्या दोघीजणी यायच्या आणि पलंगावरच पत्ते मांडायच्या. त्या आजाराचं नाव काढत नसत. मावशी हरली की भांडायची. तिला शहाणपण शिकवणारे आले आणि गेले. पत्ते खेळणाऱ्या शेवटपर्यंत येत राहिल्या. सकारात्मक मानसशास्त्रातले एक प्रमुख संशोधक क्रिस्टोफर पीटरसन आपल्या साऱ्या विषयाचं सार 'दुसरी माणसं महत्त्वाची असतात' एवढ्यात सांगायचे. १९३८ पासून हार्वर्डमध्ये चाललेला प्रदीर्घ अभ्यासही याच दिशेला येतो: म्हातारपणी कोण ठणठणीत आणि समाधानी राहतं, हे सांगायला माणसाची जवळची नाती फार मोठा संकेत ठरतात. मग मावशीच्या खोलीत या शास्त्राच्या जवळ कोण होतं? 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणारे पाहुणे, की त्या दोघीजणी?

दुसरा आक्षेप असा, की या शाखेतलं विज्ञान कच्चं आहे. हेही अंशतः खरं आहे. २००५ साली बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्शल लोसाडा यांनी माणूस फुलतो की कोमेजतो हे ठरवणारा एक आकडा जाहीर केला: एका नकारात्मक भावनेमागे २.९०१३ सकारात्मक भावना. दशांशानंतर चार अंक! पाण्याच्या आणि हवेच्या प्रवाहांसाठी रचलेली समीकरणं माणसाच्या मनाला लावून तो काढला होता. आठ वर्षं तो व्याख्यानांतून, कंपन्यांच्या प्रशिक्षणांतून फिरला. २०१३ साली निक ब्राउन नावाच्या, उतारवयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांच्या साथीने ते गणित निराधार असल्याचं दाखवून दिलं, आणि लेखातला तो भाग मागे घ्यावा लागला. लाजिरवाणी गोष्ट होती. पण ब्राउन स्वतः शिकत होते ते सकारात्मक मानसशास्त्रच, आणि त्यांची टीका छापली गेली ती मूळ लेख ज्यात आला त्याच नियतकालिकात. आपल्याकडच्या कुठल्या यशोगुरूच्या सूत्राची अशी तपासणी होते, आणि झाली तर कोण ते मागे घेतं?

माणसं अभ्यासाचा आपल्या सोयीपुरता तुकडा उचलतात, ही याच आक्षेपाची दुसरी बाजू. लॉटरी लागलेला आणि अपघातात अपंग झालेला, दोघंही थोड्या दिवसांनी सारखेच सुखी होतात, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. १९७८ सालचा तो अभ्यास अगदी छोटा होता. लॉटरीवाले २२, अपघातग्रस्त २९. लॉटरीवाले शेजाऱ्यांपेक्षा फार सुखी नव्हते हे खरं, पण अपघातग्रस्त मात्र स्पष्टपणे कमी सुखी होते. सांगताना हे नेमकं गळतं. पैशाचंही तसंच. २०१० साली डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी लिहिलं, की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजच्या भावनिक सुखात भर पडत नाही. हे वाक्य, श्रीमंती म्हणजे काही सुख नव्हे, असा उपदेश करणाऱ्यांनी उचलून धरलं. त्या आकड्याच्या खाली पैसा फार मोठा फरक करतो, हा अर्धा भाग त्यांनी सोडून दिला. पुढे २०२३ साली काहनेमन यांनी वेगळा निष्कर्ष काढणाऱ्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्यासोबतच बसून आकडे पुन्हा तपासले, आणि बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर सुख वाढतच जातं हे मान्य केलं. तेव्हा गरिबीत राहूनही माणूस मनाने सुखी होऊ शकतो असं सांगायला कोणी या शास्त्राचा दाखला देत असेल, तर त्याला हे शास्त्रच खोटं पाडतं.

आता तिसरा आक्षेप, मला सगळ्यात जवळचा. हे कोण कोणाला सांगतं? तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण, ज्याचं मानधन सहा-सहा महिने येत नाही, त्याला संस्थाचालकांनी तणावमुक्तीच्या कार्यशाळेत बसवलेलं मी पाहिलं आहे. त्याच्या तणावाचं औषध त्याच इमारतीत, लेखा विभागाच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. अमेरिकेच्या सैन्याने २००९ साली सैनिकांना मानसिक कणखरपणा शिकवणारा मोठा कार्यक्रम सुरू केला तेव्हा ते सैनिक इराक आणि अफगाणिस्तानच्या पाठोपाठच्या फेऱ्यांनी थकलेले होते. सेलिग्मन स्वतः त्या कार्यक्रमात होते, आणि त्यावर त्यांच्याच क्षेत्रातून झालेली टीका मला पटते. मध्य प्रदेशाने २०१६ साली आनंदासाठी सरकारी विभाग काढला, दिल्लीच्या शाळांत २०१८ साली आनंदाचा अभ्यासक्रम आला, आपल्या राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आनंददायी शनिवार आहे. यातलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मुलांना आठवड्यातून एक दिवस मोकळा श्वास मिळत असेल तर ते चांगलंच. पण सत्ता हातात असलेला माणूस जेव्हा सत्ता नसलेल्याला समाधान शिकवू लागतो, तेव्हा त्याने आधी स्वतःला विचारावं: याच्या दुःखाचं जे कारण माझ्या हातात आहे, ते मी दूर केलं का? नसेल केलं, तर त्याला गप्प राहण्याची बुद्धी व्हावी.

इथवर मी विरोधकांसोबत आहे. यापुढे नाही. कारण ते इथून एक उडी मारतात: अन्याय बाहेर आहे, म्हणून मनाचा विचारच करू नये, आशा, समाधान, कृतज्ञता हे सगळे शब्द मालकांचे आहेत. हे मला चूक वाटतं, आणि आपल्याच इतिहासाशी बेइमानीचंही.

महाडचं उदाहरण घ्या. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, तरी तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. गेलं तर मार पडणार, घरं फुटणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्या न जाण्याला मनाचा दुबळेपणा म्हणणं हा त्या माणसांचा अपमान होईल. ती परिस्थितीची अचूक जाण होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली. जे भय होतं ते खरं ठरलं, त्याच दिवशी हल्ला झाला, पुढे नगरपालिकेने आपला ठरावही फिरवला, आणि न्यायालयातला अंतिम निकाल लागायला १९३७ उजाडलं. तरीही त्या दिवसाने काहीच बदललं नाही असं कोण म्हणेल? ठराव तीन-चार वर्षं होताच. त्या दिवशी जे नवं घडलं ते हे, की हजारो माणसांच्या हाताने पाण्याला स्पर्श केला. माझ्या करण्याने काही बदलतं, हा अनुभव एकेकट्याला मिळाला नसता; तो मिळून मिळवावा लागला. जे लोक आशेला अफू म्हणतात त्यांनी सांगावं, की त्या आशेवाचून ती माणसं गावोगावहून महाडला आली असती का?

आणि पहिल्या बाजूसाठी तुकोबा. मन प्रसन्न करण्याबद्दलचा त्यांचा उपदेश आमच्या स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात चार वेळा तरी ऐकू आला. तो ज्यांनी केला त्यांच्या घरात १६३० च्या दुष्काळाने काय केलं होतं, हे कोणी बोललं नाही. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बसला, अब्रू गेली. आणि परंपरा सांगते, की वाट्याला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. ज्याने मनाची थोरवी गायली, त्यानेच ऋणकोंच्या मानेवरचं जूही उतरवलं. उपदेशाचा हा अर्धा भाग सोडून उरलेला अर्धा वापरायचा कोणाला अधिकार आहे?

मन आणि परिस्थिती यांतलं एक निवडा, असा आग्रह धरायचं कारणच नाही, हे अलीकडचं एक काम मला फार स्पष्ट दाखवतं. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगथ' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी एक छोटी उपचारपद्धती तपासली. देणारे लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. गावातलीच, या विषयाची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली माणसं होती. सहा ते आठ भेटी, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. रुग्ण साधे उदास नव्हते, बरंच तीव्र नैराश्य असलेले होते. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे असे: तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. काटेकोर बोलायचं तर ही पद्धत वर्तनोपचाराच्या जुन्या घराण्यातली आहे, सकारात्मक मानसशास्त्राची नव्हे. पण दोघांचा धागा एकच. त्या भेटींत 'आनंदी राहा' असं कोणी सांगत नाही. आज दिवसभरात काय काय केलंत, कशाने थोडं हलकं वाटलं, ते उद्या पुन्हा कधी करता येईल, आणि घरात जी खरी अडचण आहे तिच्यावर पहिलं पाऊल कोणतं, हे विचारलं जातं. (आणि ज्याचं नैराश्य जीवघेणं आहे त्याने वहीत कृतज्ञतेच्या ओळी लिहीत बसू नये, डॉक्टरांकडे जावं, यावर माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.)

मग ज्याला आजार नाही, ज्याचं रोजचं जगणं बऱ्यापैकी चाललं आहे, त्याने यातून काय घ्यावं? मला सर्वांत जास्त शिकवलं ते शेली गेबल यांच्या संशोधनाने. दुःखात कोण धावून येतं यावर नात्याची पारख करायची आपली रीत आहे. गेबल यांनी विचारलं, आनंदाची बातमी सांगितल्यावर समोरचा काय करतो? २००४ पासून त्यांच्या गटाने जोडप्यांचा अभ्यास केला, आणि २००६ च्या अभ्यासात असं दिसलं की नातं किती समाधानाचं राहील याचा अंदाज वाईट बातमीवरच्या वागण्यापेक्षा चांगल्या बातमीवरच्या वागण्यावरून अधिक चांगला येतो. हे वाचलं आणि मला आमची सगळी मराठी घरं आठवली. पोरगं धावत येऊन सांगतं, "बाबा, ७८ मिळाले!" आणि बाबा वर न बघता विचारतात, "उरलेले २२ कुठे गेले?" हे वाक्य मी स्वतः माझ्या मुलाला म्हटलेलं आहे, एकदा नव्हे. माझ्या वडिलांनी मला म्हटलं होतं. आम्ही ते प्रेमानेच म्हणतो. कौतुकाने मुलं शेफारतात, दृष्ट लागते, पाय जमिनीवर राहायला हवेत, अशी त्यामागची समजूत. पण त्या क्षणी मुलगा काय शिकतो? केलेलं मोजलं जात नाही, राहिलेलंच मोजलं जातं. आणि पुढची बातमी या घरात आणायची नाही. एखादी मुलगी जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवडली गेल्याचं सांगते, तेव्हा "मग अभ्यास कोण करणार?" असं म्हणणारे आहेत, "हो का, बरं" म्हणून भाजी निवडत राहणारे आहेत, विषय बदलून विजेच्या बिलावर जाणारेही आहेत. यांच्यापेक्षा वेगळं फार अवघड नाही. "कोणाशी खेळलात? शेवटची चढाई कोणी केली? तू तेव्हा कुठे होतीस?" एवढे तीन प्रश्न विचारले की ती मुलगी तो सामना पुन्हा एकदा खेळते, आणि यावेळी तिच्या घरचे प्रेक्षकांत असतात. यात खोटी स्तुती नाही. ७८ चे ९० करायचे नाहीत. ७८ कसे आले हे विचारायचं आहे, आणि त्याला दोन मिनिटं लागतात. गेली तीन वर्षं मी हे जाणूनबुजून करतो आहे. माझा मुलगा आता नोकरीला आहे, आणि हल्ली फोनवर आपण होऊन काहीबाही सांगतो. याचं श्रेय एका सवयीला द्यावं की त्याच्या वयाला, ते मी ठरवू शकत नाही. पण ती सवय सोडायची माझी तयारी नाही.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. २००५ साली सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी बऱ्या झालेल्या तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. त्यांची उदासी कमी झाली आणि परिणाम सहा महिने टिकला. नंतरच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान दिसला, तेव्हा चमत्कार म्हणून कोणी हे विकत असेल तर घेऊ नका. पण या व्यायामाची सांगतानाच हरवणारी एक अट आहे. गोष्टीपुढे ती का झाली, हेही लिहायचं असतं. 'का' काढून टाकला की उरते ती कृतज्ञतेची यादी, आणि अशी यादी माणसाला मिळेल त्यावर समाधान मानायला शिकवू शकते; विरोधकांची ही भीती मी समजू शकतो. 'का' ठेवला की माणसाला बऱ्या गोष्टीमागचे हात दिसायला लागतात, आपले आणि दुसऱ्यांचे.

गेल्या जूनपासून मी शनिवारी शेवटच्या तासाची दहा मिनिटं मुलांना यासाठी देतो. वहीच्या मागच्या पानावर आठवड्यात बरं झालेलं काहीतरी लिहायचं, आणि ते का झालं तेही. दाखवायची सक्ती नाही. काही जण 'काहीच नाही' असं लिहितात. मी त्यावर एक शब्द बोलत नाही, कारण काही आठवडे खरंच तसे असतात. ऑगस्टमध्ये एका मुलीने तास संपायच्या आधी वही आणून माझ्यासमोर ठेवली. लिहिलं होतं, या आठवड्यात माझा पहिला तास एकदाही बुडला नाही, सकाळची बस रोज वेळेवर आली. 'का' च्या पुढे तिने आधी 'नशीब' लिहिलं होतं, मग ते खोडलं होतं. खाली होतं: आम्ही ११ मुलींनी सह्या करून आगारात अर्ज दिला होता म्हणून. हे वर्गात वाचू का, असं मी तिला विचारलं. ती हो म्हणाली. घंटा झाल्यावर मी खडू-डस्टर आवरत होतो, तर पलीकडच्या गावच्या तिघीजणी तिच्या बाकाभोवती उभ्या होत्या आणि अर्जाचा मजकूर उतरवून घेत होत्या.